पहिला हिशेब कोणी लिहिला?

(सक्करदरा, नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीचा विषय आहे एकरी खर्च. पण आम्ही सुरुवात जरा मागून करतो. दहा हजार वर्षे मागून.

माणसाचा बहुतेक काळ शिकारीत आणि कंदमुळे वेचण्यात गेला. एका जागचे संपले की पुढे निघायचे. मग पश्चिम आशियात दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी लोक गहू आणि जव पेरू लागले. कोणते बी ठेवायचे, कोणते खायचे, ही पारख आधी बायांच्या हाती आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. आपली ज्वारी आफ्रिकेची. पूर्व सुदानात सुमारे 5000 वर्षांपूर्वी ती शेतात आली. कापूस मात्र इथला जुना. बलुचिस्तानातल्या मेहरगड या जुन्या वस्तीत तांब्याच्या मण्यात कापसाचा धागा सापडला आहे.

शेतीने काय बदलले? एक घर स्वतःच्या पोटापेक्षा जास्त पिकवू लागले. त्या जास्तीच्या पायलीवर कुंभार जगला, लोहार जगला, शिपाई आणि राजाही जगला. शहर म्हणजे तरी काय? स्वतः न पिकवणाऱ्या माणसांची वस्ती. शेतात वरकड निघाली म्हणून शहर उभे राहिले.

याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुने शेतकऱ्यांचे गाव निघाले. मुख्य पीक जव. पाण्यासाठी पाट काढलेला. बहुतेक घरे लहान, पण एक घर पाच खोल्यांचे. आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार! ते घर गावच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात लोकांनी भरलेला वाटा जमा होत असावा, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे.

पुढे पाऊस कमी झाला, असे तेच संशोधक सांगतात. जवाचे पीक घटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. लोक पुन्हा शिकारीकडे आणि जनावरांमागे वळले. इसवीसनापूर्वी 700 च्या सुमारास गाव ओस पडले. शेती बसली की कोठारही राहत नाही आणि प्रमुखही राहत नाही.

आपल्या जिल्ह्यातही पाहा. काटोल रोडवर जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळे आहेत. पारशिवनी तालुक्यात पेंचच्या काठी नाईकुंडला सुमारे 2700 वर्षांपूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. भट्टीपाशी राबणाऱ्याच्या पोटात कोणाचे तरी धान्य होतेच.

आता मुद्द्याची गोष्ट. आजच्या इराकमध्ये उरुक नावाचे शहर होते. सुमारे 5300 वर्षांपूर्वी तिथे ओल्या मातीच्या पाटीवर खुणा करून लिहिणे सुरू झाले. त्या पहिल्या पाट्यांवर बहुतेक काय आहे? देवाची स्तुती नाही, राजाचा पराक्रम नाही. जव किती आला, मेंढ्या किती, मजुरांना किती धान्य वाटले, हे आहे. माणसाचे पहिले लिखाण म्हणजे शेतमालाचा हिशेब. आणि तो लिहिला कोठारवाल्याने. पिकवणाऱ्याने नाही.

तेव्हापासून आपला हिशेब दुसराच लिहितो. माल आपला, काटा त्याचा, कटती त्याची, वहीही त्याची. 1965 पासून देशात कृषी मूल्य आयोग आहे. तो खर्चाचे आकडे धरतो. त्यात ओलिताचा आणि कोरडवाहूचा कापूस एकाच सरासरीत जातो. आपल्याकडे तरी वेगळे आकडे कुठे आहेत?

आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा एकरी उतारा वाढवायला शिकलो. एकरी खर्च लिहायला शिकलो एका शेतकऱ्याच्या ओसरीवर. त्याने बियाणे, खत, फवारणी सांगितली आणि थांबला. आतून त्याच्या बायकोने विचारले, "आन् माहं निंदन?" मग तिने निंदणाचे, वेचणीचे दिवस बोटांवर मोजून सांगितले. ते दिवस धरल्यावर खर्चाचा आकडा असा वाढला की तो भाऊ बराच वेळ बोलला नाही.

म्हणून आमचे मागणे एवढेच. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून निदान पाच वह्या याव्यात. एक एकर कापूस, एक एकर ज्वारी. बैलाचा चारा, बंडीचे भाडे, घरच्या माणसांची मजुरी, सगळे लिहा. माल घरून निघण्याआधी घरीच मोजा. वही बाईच्या हाती दिली तर आणखी चांगले. ती दिवस विसरत नाही.

पहिला हिशेब आपल्याला लिहिता आला नाही. यापुढचा तरी आपल्या हातचा असू द्या.