घोकंपट्टी आणि उजळणी
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



परीक्षा आठवड्यावर आली की घराघरांत जाग्रणाचे पर्व सुरू होते. वर्षभर बाजूला पडलेले पुस्तक चार रात्रींत संपविण्याचा अट्टहास चालतो. पेपर कसाबसा सुटतो, म्हणून ही रीत टिकून आहे. परंतु दहावीला मुखोद्गत केलेले सूत्र अकरावीच्या वर्गात आठवत नाही, तेव्हा ते श्रम गेले कोठे, हे कोणीच विचारत नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतः पाठ करून स्मरणाचा अभ्यास केला आणि १८८५ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. श्रम जवळजवळ निम्मे!

अमेरिकेत रोडिगर व कार्पिक यांनी २००६ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ५६ टक्के मजकूर होता, वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के.

याचे कारण सरळ आहे. घोकताना मजकूर डोळ्यांपुढे असतो, ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. थोडे विस्मरण झाल्यावर तेच आठवण्यासाठी मनाला जे कष्ट पडतात, त्यांनी स्मरण दृढ होते.

आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हटला जाई. पाढे, पावकी, निमकी. रोज थोडे, वर्षानुवर्षे आणि पुस्तकाविना. त्या रीतीत हेच तत्त्व होते. अर्थ न उमगता केलेले पाठांतर पुरेसे नाही, हे खरेच. पण समजलेलेही उजळले नाही तर पुसट होते.

मग करावे काय? शिक्षकांनी तासाच्या आरंभी पाच मिनिटे राखून गेल्या आठवड्याच्या व गेल्या महिन्याच्या धड्यावर तीन प्रश्न विचारावेत. त्यांना गुण नसावेत. गृहपाठात मागील प्रकरणांची दोन गणिते मिसळावीत. पोर्शन मागे पडेल, ही भीती मी जाणतो. पण संपलेला आणि विसरलेला पोर्शन कोणाच्या उपयोगाचा?

पालकांनी 'अभ्यास झाला का?' असे न विचारता 'मागच्या आठवड्यात काय शिकलास, ते पुस्तक मिटून सांग,' असे म्हणावे. आज शिकलेले उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने.

महागडा क्लास सर्वांना परवडत नाही. या उजळणीला पैसा लागत नाही. लागते ते रोजचे थोडे सातत्य. ज्या घरी क्लासची फी देणे शक्य नाही, त्या घरच्या मुलाचा तर तोच मोठा आधार आहे. तो त्याला देणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.