डोंगर चढतो कशाच्या बळावर?



सिंहगडावर पोचताच आपण दह्याचे मडके शोधतो आणि म्हणतो, ‘चढून चढून भूक लागली!’ पण गड आपण चढलो तो सकाळच्या भाकरीवर. चढ समजा ६०० मीटरांचा आणि देह ६० किलोचा. तो तेवढा उंच उचलण्यास आहारशास्त्राच्या अवघ्या ८४ कॅलरी पुरतात. मात्र आपले स्नायू उधळे आहेत. अन्नातल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा ते कामी लावतात. बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. तेव्हा खर्च साडेतीनशेच्या घरात जातो. चहातली चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, साखर आपल्याला सुमारे ३५ मीटर वर नेते!

परंतु साखरेने स्नायू चालतो, हेच एके काळी मान्य नव्हते. थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत असे की, काम करताना स्नायू स्वतःतले प्रथिनच जाळतो. मग कष्टकऱ्याला मांस हवेच!

३० ऑगस्ट १८६५ रोजी झुरिकचे प्राध्यापक फिक आणि विस्लिसेनस स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न चढले. चढ १९५६ मीटरांचा. आदल्या दुपारपासून प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य; खायला चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या, प्यायला साखरेचा चहा. थोडी बिअर आणि वाइनही होती, ती आपण त्यांना माफ करू. सभेत सांगायला संकोच वाटतो, पण दोघांनी वाटभर आपापले मूत्र जमवले. प्रथिन जळले की त्यातला नायट्रोजन मुख्यतः त्याच वाटेने बाहेर पडतो ना!

फिक यांचे वजन ६६ किलो. त्यांनी केलेले काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर. जळालेले प्रथिन सुमारे ३७ ग्रॅम. त्यातून शक्ती किती निघते, हे तोवर कोणी मोजलेच नव्हते. ते १८६६ मध्ये इंग्लंडात फ्रँकलंड यांनी मोजले. हे फिक यांचे मेहुणेच. त्या प्रथिनाची सारी शक्ती कामी लागली असे धरले, तरी निम्माच चढ भागत होता. उरलेला चढ पीठ, साखर आणि चरबी यांनी चढवला.

आमच्या बाजारातला हमाल भाकरीच्या बळावर गोणी माडीवर नेतो, त्यात म्हणूनच चमत्कार नाही. डाळ-दूध त्याला नको, असा अर्थ मात्र कोणी, विशेषतः त्याच्या मालकाने, काढू नये. शरीराची झीज भरायला ते हवेच.

एक चिठ्ठी आली आहे: ‘गड उतरताना ही शक्ती परत मिळते काय?’ नाही. तिची उष्णता होऊन जाते, आणि आमच्या वयाला गुडघे तेवढे दुखतात.