न्हाणीघरातला पहारेकरी

रसिकहो, साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर जिवाणूंवर बोलणार म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल. म्हणून माझ्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

एका जानेवारीत निपाणीच्या माझ्या दवाखान्यात सासू-सुना डोकेदुखी आणि मळमळ घेऊन आल्या. पित्त समजून मी नक्स व्होमिका दिले. दोनदा दिले. तिसऱ्या खेपेला सून म्हणाली, "डॉक्टर, माहेरी गेले की दुखत नाही बघा." तेव्हा कुठे मी विचारले, अंघोळीचे पाणी कशावर तापवता? न्हाणीघरात गॅस गीझर, दार बंद आणि थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा!

आपल्या वाड्यांत बंब असे. धोका त्यातही होता, पण धूर डोळ्यांत जाई आणि कौलांतून वारा खेळे. गीझरच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, तसेही इथे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २००हून अधिक पट घट्ट बिलगतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरदेखील फसते, आकडा चांगलाच दाखवते.

ब्रिटनच्या कोळसाखाणींत यासाठी कॅनरी पक्षी नेत. ही युक्ती शास्त्रज्ञ हॉल्डेन यांची. ती १९८६पर्यंत चालली. पिंजऱ्यात पक्षी पडला की माणसे पळत. आम्हा जैनांना हे ऐकवत नाही.

आता दुसरा पहारेकरी पाहा. ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम नावाच्या जांभळ्या जिवाणूला हा वायू पचवता येतो. त्याच्यातल्या 'कू-ए' या प्रथिनात आपल्या रक्तातल्यासारखेच लोहयुक्त हीम असते. वायू त्यावर बसला की प्रथिनाचा आकार बदलतो, ते डीएनएला चिकटते आणि ठराविक जनुके चालू होतात. संशोधकांनी ही कळ ई. कोलाय जिवाणूत बसवली आणि तिला रंग देणारे जनुक जोडले. वायू आला की खूण उमटते. जीव तोही आहेच, एकेंद्रिय का होईना. पण तो वर्दी देतो ती जिवंत राहून.

मात्र प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो आणि बंद न्हाणीघरात माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. तेव्हा आज तरी तिथे हा पहारेकरी पुरणार नाही. बॅटरीवरचा गजर मिळतो, तो लावा. गीझर मात्र बाहेरच हवा. घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागले तर माझ्याकडे येण्याआधी खिडकी उघडा.

त्या सासूबाईंनी गीझर परसात हलवला. गोळ्यांचे पैसे मी परत देऊ केले, तर म्हणाल्या, "राहू द्या, पुठ्ठा आम्हीच लावला होता."