सनकोट आणि जॅकेट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता की प्रत्येकाने आपल्या कामातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी दहा मिनिटांत सांगायचं. मी पिंपरी-चिंचवडमध्ये तयार कपड्यांच्या एका कारखान्यात शिलाई तपासण्याचं काम करते आणि गेली बारा वर्षं मोटारसायकल चालवते. या दोन्हींचा मेळ जिथे बसतो, तो विषय मी घेतला आहे. गाडी चालवणाऱ्या बाईने जॅकेट कसं निवडावं? मागच्या बाकावर हसू फुटलेलं मला दिसतंय. बाकं नवीन आली, पण त्यावर बसणारे तेच आहेत.

हा विषय लडाखला जाणाऱ्या पोरींचा, आपला नाही, असं कुणाला वाटेल. पण आपल्या वेळी मुली शाळेला पायी यायच्या, फार तर सायकलवर. आज आपल्याच लेकी-सुना स्कूटर घेऊन सोनईला कॉलेजला जातात, बँकेत जातात, कोणी शिक्षिका आहे ती रोज दोन गावं ओलांडून शाळेवर जाते. आणि रस्ता कोणता? नगर-संभाजीनगर हमरस्ता. त्यावर कांद्याच्या गाड्या, शुक्रवारी बाजाराला म्हशी घेऊन आलेले पिकअप, शनिशिंगणापूरला निघालेल्या बाहेरगावच्या मोटारी, आणि कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. संध्याकाळी त्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच याचा भरवसा नाही. लडाखपेक्षा हा रस्ता सोपा आहे असं मी तरी म्हणणार नाही.

या रस्त्यावर आपल्या बायका काय घालतात? सनकोट. पांढरा किंवा फुलाफुलांचा, लांब बाह्यांचा, पंजा झाकणारा. तोंडाला स्कार्फ. सनकोट नसेल तर मालकांचा जुना शर्ट, जो खुरपायला जाताना घालतात तोच. सनकोटाला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हात त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पण तो उन्हासाठी शिवलेला आहे, रस्त्यासाठी नाही.

गणिताचे सर बसलेत म्हणून हिशेब करून सांगते. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्या वेगात गाडी घसरली तर माणूस पडल्या जागी थांबत नाही, पुढे घसटत जातो. डांबर म्हणजे जाड पॉलिशपेपर समजा. पातळ सुती कापड त्यावर क्षणात फाटतं आणि उरलेलं अंतर आपली कातडी घासली जाते. माझी भाची वळणावरच्या वाळूवरून घसरली तेव्हा वेग ४०सुद्धा नव्हता. हाड मोडलं नाही, म्हणून सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण कोपर आणि तळहात सोलून निघाले होते. सनकोटाचे धागे जखमेतून चिमट्याने काढावे लागले. दीड महिना हातात पेन धरता आलं नाही, आणि ते वर्ष बारावीचं होतं.

ऑस्ट्रेलियात २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांची त्यात पाहणी केली होती. मोटारसायकलसाठी बनवलेलं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी आढळली, आणि तसे हातमोजे घातलेल्यांच्या बाबतीत ५९ टक्क्यांनी. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची आहे. दहातली जवळजवळ तीन जॅकेटं अपघातात फाटून निकामी ठरली होती. म्हणजे जॅकेट नुसतं अंगावर असून भागत नाही, ते नीट पारखून घ्यावं लागतं.

पारखायचं काय? पहिलं कापड. लेबलवर ‘६०० डेनियर’ असं लिहिलेलं असतं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तेवढा धागा जाड. खांदा, कोपर आणि बाहीची बाहेरची बाजू, म्हणजे जे आधी जमिनीला टेकतं, तिथे जाड, घट्ट विणीचं कापड पाहिजे. छाती-पाठीवर जाळी चालेल.

दुसरी शिलाई. कापड टिकतं आणि शिवण उसवते, हे मी कामावर रोज बघते. जॅकेट उलटं करा. खांद्याच्या आणि बाहीच्या शिवणीला एकच टीप आहे की दोन-तीन आहेत ते बघा. शिवण दोन्ही हातांनी ताणा. टाके मोकळे दिसले, मधून उजेड दिसला, तर ते जॅकेट परत हँगरला लावा. कार्यानुभवाच्या तासाला बाई आमची शिवण अशीच ताणून बघायच्या आणि उसवली तर पुन्हा घालायला लावायच्या. बाई, त्या शिस्तीवरच माझी नोकरी चालू आहे.

तिसरं, आतले पॅड. खांदा आणि कोपराला जे टणक किंवा रबरासारखे पॅड असतात ते खिशातून बाहेर काढून बघा. त्यावर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, ‘सीई’ खूण आणि ‘ईएन १६२१-१’ असा आकडा असला पाहिजे. शेजारी १ किंवा २ अशी पातळी असते. चाचणीत ठरावीक जोराचा मार दिला की पॅडमधून आत किती जोर पोहोचतो ते मोजतात. पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसरीला फक्त २०. म्हणून दुसरी पातळी चांगली. पाठीचा पॅड ‘ईएन १६२१-२’ चा असतो. बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोमचा तुकडा घालून देतात आणि त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. तो पॅड नाही, जागा भरण्यासाठी घातलेली वस्तू आहे. त्या खिशात बसेल असा खरा पॅड वेगळा मिळतो. पूर्ण जॅकेटचीही वेगळी चाचणी असते, ‘ईएन १७०९२’. त्याच्या लेबलवर ए, डबल ए, ट्रिपल ए अशी श्रेणी दिसते. जेवढे ए जास्त तेवढं संरक्षण जास्त, आणि सहसा उकाडाही जास्त.

आता चौथी गोष्ट, आणि त्यासाठीच मी आज बोलायला उभी राहिले. माप.

पुण्यातल्या एका दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने पुरुषांचं सर्वांत लहान जॅकेट काढून दिलं आणि म्हणाला, “मॅडम, लेडीजला हेच होतं.” होत नाही. बाईचा खांदा अरुंद, बाही आखूड, छाती आणि कंबरेखालचा भाग रुंद. पुरुषी जॅकेट खांद्यात सैल पडतं आणि खाली अडतं. बसलं की वर सरकतं, पाठ उघडी पडते. सर्वांत वाईट म्हणजे बाही लांब असल्याने कोपराचा पॅड खाली हातावर उतरतो. पॅड कितीही भारी असो, पडताना तो कोपरावर नसेल तर त्याचा उपयोग शून्य. मग दुकानदार गुलाबी पट्टी असलेलं दुसरं दाखवतो. कधी कधी ते तेच पुरुषी जॅकेट असतं, फक्त रंग बदललेला. म्हणून रंग बघू नका, काट बघा.

दुकानात पाच मिनिटं द्या. जॅकेट घालून चेन पूर्ण लावा. मग गाडीवर बसा, नसेल तर स्टुलावर, आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाही मनगटाच्या हाडापर्यंत आली पाहिजे. आता दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड पकडून फिरवा. तो कोपरावरून सरकला तर दंडाचे आणि हाताचे पट्टे आवळा, तरीही सरकला तर माप चुकलं. छातीवर दम कोंडता कामा नये, मान दोन्हीकडे वळली पाहिजे. कंबरेला बाजूने चेन किंवा पट्टे असलेलं जॅकेट आपल्याला सोयीचं, कारण खाली साडी आहे, पंजाबी ड्रेस आहे की जीन्स, त्याप्रमाणे सैल-घट्ट करता येतं.

साडी-ओढणीचं बोलले म्हणून सांगते. ओढणी जॅकेटच्या आत घाला आणि चेन लावा. स्कार्फची टोकं बाहेर लोंबू देऊ नका. मागे बसणाऱ्यांचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी झाकलेलं नसावं, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियमच आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो त्यासाठी. गाडीची शोभा जाते म्हणून तो काढून टाकणारे इथेही दोन-चार जण बसलेत. घरी गेल्यावर परत लावा.

उकाड्याचा प्रश्न मला सगळ्या जणी विचारतात. जाळीचं जॅकेट घ्या, फिकट रंगाचं. चालत्या गाडीवर हवा आरपार जाते आणि ऊनही लागत नाही, म्हणजे सनकोटाचं कामही तेच करतं. आत पावसाचं अस्तर असेल तर उन्हाळ्यात काढून ठेवा. फिकट रंग आणि चमकणाऱ्या पट्ट्या संध्याकाळी मागच्या गाडीवाल्यालाही दिसतात. पॅड काढून जॅकेट हाताने धुता येतं. आपटल्यावर पॅडला तडा गेला तर तो बदला.

पैशांचं म्हणाल तर बरं जॅकेट चार-पाच हजारांपासून मिळतं. माझा भाऊच म्हणाला होता, “एवढ्यात पोरीला चार ड्रेस येतील.” मी म्हणाले, दादा, गाडीला लाखभर घातलेस तेव्हा ड्रेस मोजलेस का? शिवाय क्रम ठरलेला आहे. आधी हेल्मेट, आयएसआय खुणेचं, ४१५१ आकड्याचं, पट्टा लावलेलं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, ते मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने सक्तीचं आहे. मग हातमोजे आणि बंद बूट, मग जॅकेट. जॅकेटची सक्ती आपल्याकडे नाही, म्हणूनच ते आपल्याला स्वतः ठरवावं लागतं. आणि हेही खरं की ट्रकशी टक्कर झाली तर जॅकेट वाचवेल असं नाही. ते घसरण्या-आपटण्यासाठी आहे. पण आपल्या पोरी रोज घसरतात त्या वाळूवर, शेणावर, सांडलेल्या कांद्याच्या पातीवर.

पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो आपण सगळेच कौतुकाने पुढे पाठवतो. मलाही ते आवडतात. उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये पुण्यात ‘बायकर्नी’ हा बायकांचा मोटारसायकल गट उभा केला, तेव्हापासून गाडीवरची बाई ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कौतुक भरपूर झालं. आता त्या बाईच्या मापाचं जॅकेट दुकानात असायला हवं, आणि ते आपण मागितलं तरच येईल. पाच जणींनी “पुरुषांचं नको, बायकांच्या काटाचं दाखवा” म्हटलं की सहावीसाठी दुकानदार माल भरतो. हे मी कपड्याच्या धंद्यातली म्हणून सांगते.

म्हणून वर्गातल्या सगळ्या बापांना, सासऱ्यांना आणि भावांना एक विनंती आहे. लेकीला, सुनेला गाडी घेऊन द्याल तेव्हा हेल्मेट आणि जॅकेट त्याच हिशेबात धरा. आणि जॅकेट परस्पर आणू नका, तिला सोबत न्या. माप तिचं आहे. ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा. माझं जॅकेट गाडीवर आहे, घालून बघा, उलटं करून शिवण ताणून बघा. बाईंनीही बघावी. एखादा टाका चुकलेला निघाला तर आजही ओरडा खायची माझी तयारी आहे.