प्रीअँप कुठला घेऊ? घरी भजनं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

आजचा भाग एका ई-मेलमुळे सुचला. मुळशी तालुक्यातून, पौडच्या पुढच्या एका गावातून आलाय. श्रोता लिहितो : "आमच्या आजीचं वय ८१. उपासना संगीतातली जुनी भजनं तिला पाठ आहेत. त्यातली काही ती अशा चालीत गाते, की त्या चाली आता आमच्या मंडळीत कुणालाच येत नाहीत. घरीच रेकॉर्ड करायचंय. साधा इंटरफेस आहे, दोन माइक आहेत. एका मित्राने सांगितलं की चांगला प्रीअँप घेतल्याशिवाय हात लावू नकोस. तीस हजारांपर्यंत तयारी आहे. कुठला घेऊ?"

ई-मेलमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट प्रीअँप नाही, ८१ हा आकडा आहे. मराठी ख्रिस्ती घरांत भजनाचं जे पुस्तक असतं, त्यात बहुतेकदा नुसते शब्द असतात. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, अभंग, कीर्तन, पदं हे सगळं आपलं घरचं सामान ख्रिस्ती उपासनेत आणलं. ते वारले १९१९ मध्ये. त्यांचे शब्द आजही छापील मिळतात. पण कुठल्या गावात एखादं पद कसं उचलायचे, ध्रुपद कितीदा घोळवायचे, कुठे थांबायचे, ते पुस्तकात कुठून येणार? ते या आजींच्या गळ्यात आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की यंत्राची वाट बघण्यात किती दिवस घालवायचे.

आता प्रीअँपकडे येऊ. माइकमधून निघणारी वीज फार थोडी असते, काही मिलिव्होल्ट, कधी त्याहूनही कमी. ती कामाला येण्याइतकी वाढवायची, हे प्रीअँपचं काम. ६० डीबी वाढवली म्हणजे हजारपट झाली. वाढवताना तो स्वतःची थोडी सरसर त्यात मिसळतो. दुकानदार महाग प्रीअँप विकतो तो मुख्यतः या सरसरीच्या भीतीवर.

ही सरसर मोजता येते. आजच्या साध्या इंटरफेसमधला प्रीअँप सुमारे उणे १२७ डीबीयू इतका आवाज करतो. आणि १५० ओमच्या माइकच्या तारेतच, निव्वळ उष्णतेमुळे, साधारण उणे १३१ चा आवाज असतो. तो कुणालाही काढता येत नाही. म्हणजे जगातला सगळ्यात महाग प्रीअँप आणला, तरी सरसरीच्या बाबतीत तुमच्या साध्या डब्यापेक्षा फार तर चार डीबीचा फायदा.

आणि चार डीबी म्हणजे किती? माइक तोंडापासून दोन विती लांब असेल आणि तुम्ही तो एक वीत अंतरावर आणला, तर आवाज सहा डीबीने वाढतो. फुकट. (हसतो.) आजींची खुर्ची पुढे सरकवली की झालं.

श्रोत्याकडे कुठले माइक आहेत ते त्याने लिहिलंय, एक शुअरचा एसएम५८ आणि एक रोडचा एनटी१. दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. एनटी१ कंडेन्सर आहे, ४८ व्होल्टची फँटम पॉवर मागतो आणि भरपूर आवाज देतो. त्याच्यामागे प्रीअँपला फारसं काम उरतच नाही, त्याची सरसर ऐकूच येणार नाही. एसएम५८ डायनॅमिक, तो कमी देतो. हिशेब केला तर त्याच्यामागे उणे १२७ वाल्या प्रीअँपची सरसर म्हणजे खोलीतला सुमारे १९ डीबीचा आवाज. ज्याच्यामुळे सगळे प्रीअँप शोधत फिरतात तो एसएम७बी आणखी भुकेला आहे, त्याच्याबरोबर हाच आकडा २४ पर्यंत जातो. आता रात्री अकराला, पंखा बंद, फ्रिज बंद, कुत्री गप्प अशी खोली घ्या. तिथेही ३० डीबीच्या आसपास आवाज असतोच. म्हणजे सरसर खोलीतच बुडाली. एक गोष्ट मात्र खरी, खोलीचा आवाज बराचसा खर्जातला असतो आणि सरसर वरच्या पट्टीतली, त्यामुळे आजी फार हळू गायल्या तर ती थोडी वेगळी जाणवेल. तेवढी चालते. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर आपण याच्या दसपट खरखर प्रेमाने ऐकतो.

ही झाली शांत रात्र. पण बोलतोय आपण मुळशीबद्दल. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात काय होतं ते तिथल्या माणसाला मी सांगायला नको. वर पत्रा असेल तर जून ते सप्टेंबर कुठलाच प्रीअँप उपयोगाचा नाही. पत्र्याचा आवाज माइकमधूनच आत येतो, प्रीअँप तो इमानेइतबारे वाढवून देतो. घरात स्लॅबची खोली असेल तर ती, नाहीतर शेजाऱ्यांची मागा. आजींच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा. माइकची पाठ खिडकीकडे करा, कारण हे दोन्ही माइक मागून सगळ्यात कमी ऐकतात. पैसे खर्चच करायचे असतील तर एक चांगला जड स्टँड घ्या.

मग विजेचं. खेड्यात मला सरसरीने कधी फार छळलं नाही, घूंऽऽ ने छळलंय. लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं, इन्व्हर्टर चालू झाला की वेगळा घूं, विहिरीवरची मोटर सुरू झाली की टक्. पुष्कळदा अर्थिंग धड नसतं. हा आवाज तीस हजारांच्या प्रीअँपमध्येही तसाच येईल, उलट तो स्वतंत्र डबा असेल तर त्याला आणखी एक अडॅप्टर, आणखी एक वायर. उपाय साधा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करायचा, चार्जर काढायचा, बॅटरीवर रेकॉर्ड करायचं. इंटरफेस यूएसबीवरच चालतो. लोडशेडिंगची वेळ माहीत असेल तर सोन्याहून पिवळं, सगळ्या गावाचे पंखे आणि मोटरी बंद!

मग प्रीअँपकडून भजनाला खरोखर काय हवं? तर जोराचा आवाज न फाटता झेलणं. उपासनेतलं गाणं बोलण्यासारखं एका पातळीवर राहत नाही. कडवं पुटपुटल्यासारखं आणि ध्रुपदाला सगळा जीव. अमेरिकेतल्या गॉस्पेलमध्येही तेच. ॲरिथा फ्रँकलिनचा 'अमेझिंग ग्रेस' हा अल्बम १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, भरल्या मंडळीसमोर रेकॉर्ड झालाय. ऐका आणि बघा आवाज कुठून कुठे जातो. हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज शिवता येत नाही.

म्हणून गेन लावताना आजींना "हॅलो हॅलो" म्हणायला लावू नका. सगळ्यात वरचा सूर जिथे आहे ती ओळ, मनापासून, टाळी वाजवत गायला सांगा. तेव्हा मीटर उणे १२ च्या वर जाता कामा नये. मग आणखी दोन-तीन डीबी कमी करा, कारण गाण्यात रंग चढला की त्या आणखी जोरात जाणारच. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा, हळू ओळी वाया जात नाहीत. मी असतो तर एनटी१ लावला असता. पण आजी माइककडे बघून बुजत असतील तर एसएम५८ द्या. तो लग्नात, सभेत पाहिलेला असतो, त्याची भीती वाटत नाही.

वेगळा प्रीअँप कधी घ्यावा? माइक एसएम७बीसारखा भुकेला, गाणारा हळू, आणि तुमच्या इंटरफेसचा गेन पूर्ण फिरवूनही पुरत नाही, अशा तिन्ही गोष्टी जमल्या तर. तेव्हाही आधी क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड बघा. छोटी उपकरणं आहेत, माइकच्या वाटेत बसतात आणि २५-२७ डीबी वाढवतात. फँटम पॉवर त्यांना लागते. रूपर्ट नीव्ह यांचा १९७० चा १०७३ आणि त्याच्या नकला लोक घेतात त्या रंगासाठी, ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजाला येणाऱ्या जाडीसाठी. मलाही तो आवडतो. पण आजींच्या चालीला माझ्या आवडीचा रंग कशाला लावायचा?

शेवटचं. हेडफोन आजींना घालू नका, गाणं बिघडतं. नेहमी पेटीवर गात असतील तर पेटी हवी, पण ती माइकच्या मागे. प्रत्येक भजनाआधी त्यांनाच बोलू द्या, पुस्तकातला क्रमांक, ही चाल कुणाकडून शिकल्या, कुठल्या गावात. बटण तेव्हाच दाबायचं, गाणं सुरू झाल्यावर नाही. चुकल्या, खोकल्या, तरी थांबवायचं नाही, दुसऱ्यांदा गाऊन घ्यायचं. आणि त्याच रात्री फाइलच्या दोन प्रती, एक घराबाहेर.

तीस हजार ठेवून द्या, आणि या रविवारी दुपारी, पाऊस उघडला तर, सुरुवात करा.