गेलेली नोकरी परत मिळते काय?



नोकरी म्हणजे धन्याची मर्जी, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. कामावरून काढलेला मनुष्य न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी बहुधा नशिबाला बोल लावीत घरी बसतो. ही समजूत अगदीच निराधार नव्हती. जुन्या इंग्रजी कायद्याच्या मते नोकरी हा दोघांमधला करार. तो मोडला तर फार तर नुकसानभरपाई द्यावी, पण नकोसा झालेला चाकर धन्याच्या गळ्यात बांधू नये.

हे चित्र बदलले ते १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने. १९४९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या खटल्यात फेडरल कोर्टाने ठरविले की, कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा हुकूम औद्योगिक न्यायाधिकरण देऊ शकते. दिवाणी न्यायालय लिहिलेला करार पाहते. न्यायाधिकरणाला उद्योगातील शांतता आणि न्यायही पाहावा लागतो.

तरीही वाट अरुंदच होती. एकट्या कामगाराची बडतर्फी हा 'औद्योगिक विवाद' ठरण्यास त्याच्यामागे युनियन किंवा सहकारी उभे राहावे लागत. ती अट १९६५ च्या दुरुस्तीने गेली. शिक्षा अती कठोर आहे एवढ्याच कारणाने न्यायाधिकरण सहसा हात घालीत नसे. चौकशीत सूडबुद्धी किंवा अन्याय दिसावा लागे. १५ डिसेंबर १९७१ पासून कलम ११-अ लागू झाले आणि शिक्षा अपराधाच्या मानाने योग्य आहे की नाही, हेही तपासता येऊ लागले. वीस वर्षांची निष्कलंक नोकरी एका रागाच्या शब्दापायी जावी काय, हा प्रश्न आता कायद्याचा झाला.

कोणी म्हणेल, मने दुभंगल्यावर माणूस परत घेऊन उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच जेथे विश्वास हाच नोकरीचा पाया असतो, तेथे कित्येकदा न्यायालये भरपाईवर भागवितात. परंतु मने मालकानेच अन्यायाने दुभंगविली असतील, तर त्याच कारणासाठी त्याला सूट देणे म्हणजे चुकीचे बक्षीस देणे होय.

मधल्या काळाच्या पगाराचे काय? बडतर्फी बेकायदा ठरली तर पूर्ण मागील वेतन हाच सामान्य नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हिंदुस्थान टिन वर्क्सच्या खटल्यात सांगितले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नाकारलेले वेतन सर्वोच्च न्यायालयाने तिला परत देवविले. मात्र आपण दुसरीकडे कमावीत नव्हतो, हे आधी नोकराने सांगावयाचे असते. मग उलट सिद्ध करणे मालकाकडे.

खरी मेख आहे ती विलंबात. पंचेचाळिसाव्या वर्षी काढलेला माणूस साठाव्या वर्षी जिंकला, तर त्याला परत कोठे बसविणार? हुकूम हाती येतो, पण मुलांचे शिक्षण आणि बायकोचे दागिने परत येत नाहीत. उशिरा मिळालेला न्याय हा पुष्कळदा केवळ प्रमाणपत्र ठरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या अधिनियमाची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. बडतर्फीत योग्य तो दिलासा देण्याचा अधिकार तिनेही न्यायाधिकरणाकडे ठेवला आहे. मात्र विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटली की समेट अधिकारी तो हाती घेत नाही.

तेव्हा माझे सांगणे साधे आहे. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचा पुरावा जपून ठेवा. कारण किती दिवस काम केले, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावरच पडतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. आरोपपत्र आले तर लेखी उत्तर द्या आणि चौकशीला हजर राहा. मालकवर्गालाही एक विनंती: काढण्यापूर्वी ऐकून घ्या. नीट केलेली चौकशी दोघांचीही पंधरा वर्षे वाचविते.