यात्रेंतील अन्नछत्र आणि गॅसचा हिशेब



बीड जिल्ह्यांतील कपिलधार हें स्थान आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेलच. बालाघाटाच्या डोंगरांत, मांजरसुंब्याजवळ, एका दरींत हें क्षेत्र वसलेलें आहे. तेथें मन्मथस्वामींची समाधि आहे, आणि जवळच कड्यावरून धबधबा कोसळतो. कार्तिकी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रांतून आणि शेजारच्या कर्नाटक व तेलंगण प्रांतांतून पायीं दिंड्या येतात. माणसें जमलीं कीं चूल आली, आणि चूल आली कीं जळणाची चिंता आली. आजच्या भाषणांत मी या जळणाविषयींच दोन शब्द बोलणार आहें.

पूर्वीं दिंडीबरोबरच्या गाडींत सरपण असे. सरपणाचा एक मोठा गुण असा कीं तें डोळ्यांस दिसतें. मोळी निम्मी झाली कीं आचाऱ्यास आपोआप कळतें. आतां सरपणाची जागा गॅसच्या टाकीनें घेतली आहे. धूर गेला, डोंगरावरील झाडेंहि थोडीं वांचलीं, हें उत्तमच झालें. परंतु टाकी ही मुकी वस्तु आहे. ती भरलेली असो वा रिती, बाहेरून सारखीच दिसते. म्हणून मध्यरात्रीं शंभर-दोनशें माणसांचा भात अर्धा शिजलेला असतांना भट्टी मालवते, आणि मग आचारी, पुढारी व यजमान एकमेकांकडे पाहत राहतात. भुकेल्या यात्रेकरूस अर्धकच्चा भात वाढणें जितकें वाईट, तितकेंच घाईघाईनें, गर्दींत, दिव्याच्या उजेडांत टाकी बदलणें धोक्याचें. हे दोन्ही प्रसंग थोड्या अंकगणितानें टाळतां येतात.

प्रथम टाकींत काय असतें तें पाहूं. आपण ज्यास गॅस म्हणतों तो टाकींत द्रवरूपानें असतो. प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचें तें मिश्रण आहे. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर उकळतो. ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपास. द्रव उकळून त्याची वाफ होते, आणि तीच नळीवाटे भट्टीपर्यंत येते. म्हणजे आपली भट्टी पेटण्यापूर्वीं टाकीच्या पोटांत एक बिनविस्तवाचें आधण सतत चालू असतें. या आधणास लागणारी ऊब टाकी आसपासच्या हवेंतून घेते.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. एक किलो द्रवाची वाफ होण्यास सुमारें ९० उष्मांक लागतात. (एक लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास जी उष्णता लागते, तिला मी येथें एक उष्मांक म्हणतों.) मोठी भट्टी जोरानें लावली तर इतकी ऊब बाहेरून तितक्या लवकर मिळत नाहीं, आणि टाकी स्वतःच थंड पडूं लागते. टाकींत दहा किलो द्रव असतांना एक किलो झपाट्यानें ओढला, व बाहेरून ऊब मुळींच मिळाली नाहीं, तर टाकी अकरा-बारा अंशांनीं थंड होईल. मग तिच्या अंगावर दंव धरतें, आंतला दाब उतरतो व ज्योत मंदावते. कार्तिकाच्या पहांटे हवाच गार असते. त्यांत आणखी असें कीं आधीं प्रोपेन अधिक प्रमाणांत निघून जातो, आणि तळाशीं ब्युटेनचा अंश वाढत जातो. आचारी म्हणतो, ‘टाकी संपली.’ वास्तविक तींत किलो-दोन किलो गॅस शिल्लक असतो. तो केवळ वर येण्यास नाखूष असतो.

अशा वेळीं टाकी आडवी करणें, तिच्याखालीं निखारे ठेवणें किंवा तिच्यावर उकळतें पाणी ओतणें, असे प्रकार कांहीं ठिकाणीं चालतात. ते कदापि करूं नयेत. टाकी आडवी केली कीं वाफेऐवजीं द्रवच नळींत शिरतो, आणि त्या द्रवाची वाफ होतांना तो सुमारें अडीचशें पट फुगतो. ज्योत किती उसळेल याची कल्पना आपणच करावी. यावर खरा उपाय साधा आहे: एका टाकीवर सारा भार न घालतां दोन टाक्या योग्य जोडनळीनें एकत्र जोडाव्या. प्रत्येकीवर निम्मा भार पडतो, दोघींसहि हवेंतून ऊब घेण्यास अवसर मिळतो, आणि ज्योत शेवटपर्यंत टिकते. ही जोडणी मात्र जाणत्या माणसाकडूनच करवून घ्यावी.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंत घरच्या अंगणांत बिअर बनविण्याचा छंद असलेले लोक आहेत. त्यांस तिचा काढा मोठ्या पातेल्यांत तासभर खळखळ उकळावा लागतो, आणि त्यासाठीं ते वीस पौंडी, म्हणजे सुमारें नऊ किलोची, प्रोपेनची टाकी वापरतात. त्यांच्या पेयाशीं आपणांस कांहीं कर्तव्य नाहीं. परंतु उकळी अर्ध्यावर असतांना टाकी दगा देऊं नये म्हणून तेहि टाकी तोलून पाहतात व एक भरलेली टाकी हाताशीं ठेवतात, एवढें घेण्यासारखें आहे.

आतां हिशेबाकडे वळूं. दोनशें माणसांची खिचडी करावयाची आहे असें समजा. तांदूळ व डाळ मिळून पंचवीस किलो, आणि पाणी पासष्ट लिटर. पाणी २५ अंशांवरून उकळीस आणण्यास ६५ गुणिलें ७५, म्हणजे ४,८७५ उष्मांक. धान्य व भांडें तापविण्यास आणखी सुमारें ९००. शिजतांना पांच लिटर पाणी वाफ होऊन जातें. लिटरमागें ५४० प्रमाणें तें २,७०० झालें. एकूण सुमारें ८,५०० उष्मांक. एक किलो गॅसपासून सुमारें ११,००० उष्मांक निघतात. पण उघड्यावर त्यांतले शेंकडा चाळीस भांड्यास लागले तरी पुष्कळ, म्हणजे ४,४०० धरावे. तेव्हां या खिचडीस दोन किलो गॅस पुरतो.

हें उत्तर वाऱ्यावर मात्र फार अवलंबून आहे. दरींतून वारा वाहूं लागला आणि भट्टीस आडोसा नसला, तर शेंकडा चाळीसाचे पंचवीस होतात, आणि त्याच खिचडीस तीन किलोंहून अधिक गॅस लागतो. झांकण न ठेवतां आणखी दहा लिटर पाणी व्यर्थ उकळूं दिलें, तर सव्वा किलो गॅस त्यावर वेगळा खर्च होतो. उकळी आल्यावर ज्योत मोठी ठेवल्यानें अन्न लवकर शिजत नाहीं. पाणी तेवढें लवकर आटतें. म्हणून पत्र्याचा आडोसा, वर झांकण आणि उकळीनंतर मंद आंच, या तीन गोष्टी पदरांत पडलेल्या टाकीइतक्याच मोलाच्या आहेत. आडोसा भट्टीस करावा, टाकीस नव्हे. टाकी मोकळ्या हवेंतच असावी.

दोन्ही वेळां खिचडी आणि आमटी-भाजी धरून दिवसास सात किलो, दोन वेळच्या चहास सव्वा किलो, असें तीन दिवसांस पंचवीस किलो होतात. त्यांत वाऱ्यासाठीं चतुर्थांश वाढवावा, एकतीस झाले. व्यापारी टाकींत १९ किलो गॅस असतो. दोन टाक्यांचे अडतीस किलो, आणि तिसरी टाकी सीलबंद राखीव, एवढी तरतूद दोनशें जणांच्या दिंडीस पुरेशी आहे. १४.२ किलोची घरगुती टाकी घरच्या स्वयंपाकासाठींच असते. ती यात्रेंतील भट्टीस लावूं नये.

टाकींत किती उरलें हें ओळखण्यास वजनकांटा हाच खरा साक्षीदार. रिकाम्या टाकीचें वजन तिच्यावरच कोरलेलें असतें. एकूण वजनांतून तें वजा केलें कीं शिल्लक कळते. रोज रात्रीं वजन करून वहींत टिपून ठेवावें. कांटा नसेल तर ओल्या फडक्यानें टाकी उभी पुसावी. जेथपर्यंत द्रव आहे तेथपर्यंतचा ओलावा उशिरां वाळतो. टाकी घेतांना तिच्या कड्याजवळील पट्टीवरचें अक्षर व आंकडा अवश्य वाचावा. इंग्रजी वर्णमालेंतील पहिलें अक्षर जानेवारी ते मार्च, दुसरें एप्रिल ते जून, तिसरें जुलै ते सप्टेंबर व चौथें ऑक्टोबर ते डिसेंबर ही तिमाही दाखवितें. पुढील आंकडा वर्षाचा. ती मुदत टळलेली टाकी परत करावी.

शेवटीं एक गोष्ट, जी दरींतील क्षेत्रास विशेष लागू आहे. हा गॅस हवेहून दीड ते दोन पट जड आहे. तो गळला तर वर उडून जात नाहीं. उताराकडे, खळग्याकडे पाण्यासारखा सरकतो. म्हणून टाक्या नेहमीं उभ्या, सपाट व मोकळ्या जागीं, मांडवाबाहेर आणि भट्टीपासून दूर ठेवाव्या. चरांत किंवा निजण्याच्या जागेच्या वरच्या अंगास ठेवूं नयेत. जोड तपासावयाचा तो साबणाच्या फेसानें, काडी ओढून नव्हे. वास आला तर आधीं व्हॉल्व्ह बंद करावा, जवळचा सर्व विस्तव विझवावा, माणसें वाऱ्याच्या दिशेकडून बाजूस काढावीं आणि लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

श्रोतेहो, दिंडींत भजनाचा प्रमुख असतो, वाढप्यांचा प्रमुख असतो. तसा जळणाचाहि एक प्रमुख नेमावा. त्याच्या हातीं एक कांटा, एक वही आणि साबणाचें पाणी द्यावें. त्याचें काम कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं. परंतु कोसच्या कोस चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पानांत वेळेवर ऊन भात पडला, आणि रात्र निर्विघ्न पार पडली, तर त्या पुण्यांत त्याचाहि वांटा आहे, असें मी समजतों.